काप्रीची निळी गुहा : ‘शोधा’चे श्रेय

नेपल्सच्या आखातातील काप्री बेटावरील निळ्या गुहेचा शोध ऑगस्ट कोपिश या जर्मन कवी-चित्रकाराने १७ ऑगस्ट १८२६ रोजी लावला, असे सामान्यतः नमूद केले जाते. त्याचा सोबती चित्रकार एर्न्स्ट फ्रीस याचाही उल्लेख होतो. ज्युझेप्पे पागानो आणि आंजेलो फेर्रारो ही नावे मात्र तळटीपेत जातात. वस्तुतः पागानो हा बेटावरील नोटरी. पाहुण्यांना तो आपल्या घरी उतरवून घेई. गुहेची गोष्ट त्यानेच काढली. पेटत्या डांबराचे भांडे घेऊन वाट दाखविली ती फेर्रारो या कोळ्याने.

गुहा अज्ञात नव्हतीच. सतराव्या शतकातील वर्णनांत तिचा निर्देश आहे. १९६४ मध्ये तर तिच्या तळाशी रोमन काळातील पुतळे सापडले. स्थानिकांच्या लेखी ती सैतानाची जागा होती. मुखाची उंची जेमतेम एक मीटर. होडीत आडवे झाल्याखेरीज आत शिरता येत नाही, आणि लाटा वाढल्या की तेही अशक्य. पाण्याखालील मोठ्या भगदाडातून येणारा प्रकाश पाण्यातून गाळला जाऊन निळा होतो. पागानोला या भयातच पाहुण्यांचे आकर्षण दिसले असावे. जर्मन कलावंतांचा पुढे त्याच्याकडे राबता सुरू झाला, हे पाहता बेटावरील पर्यटनाचा आद्य प्रवर्तक म्हणून त्याचाच विचार व्हायला हवा.

साहित्याभ्यासकाला अधिक महत्त्वाचा वाटेल तो लेखनाचा क्रम. कोपिशची पहिली नोंद पागानोच्या पाहुण्यांच्या वहीत आहे. विस्तृत वृत्तान्त प्रसिद्ध झाला तो १८३८ मध्ये. दरम्यान हान्स क्रिश्चन अँडरसन १८३४ मध्ये काप्रीला जाऊन आला होता, आणि त्याच्या ‘द इम्प्रोव्हिजातोरे’ (१८३५) या कादंबरीचा शेवट याच गुहेत घडतो. म्हणजे शोधकाचा वृत्तान्त हाती येण्यापूर्वीच अनेक वाचकांना गुहा भेटली ती कादंबरीतून. कोपिशच्या वृत्तान्तातील भय, अंधार आणि अकस्मात प्रकाश ही चढती रचना म्हणूनच निव्वळ दस्तऐवज मानून वाचता येत नाही. बारा वर्षांच्या आठवणीला स्वच्छंदतावादी कथेचा घाट मिळालेला आहे. तरीही एक गोष्ट त्याच्या पदरात टाकली पाहिजे : त्याने पागानोला भरपूर बोलू दिले आहे. यजमानाला गाळले ते नंतरच्या संक्षेपांनी. ‘ग्रादोला’ हे जुने स्थानिक नावही याच ओघात मागे पडले. आज काप्रीचे नावाडी गुहेला ‘ग्रोत्ता अझ्झुर्रा’, म्हणजे निळी गुहाच, म्हणतात.