रडूबाई, देवदास, रडपट

नाटक, सिनेमा आणि मालिकांतील पात्रांच्या दुःखाला नावे ठेवताना मराठी प्रेक्षक वापरतात ते शब्द. सोलापूर जिल्ह्यासह महाराष्ट्रभर रूढ. ‘रडकी’, ‘सोशिक’, ‘बायकी’, ‘मजनू’ हेही याच कुळातले. कुणाचे दुःख मनाला लावून घ्यायचे आणि कुणाच्या दुःखाला कंटाळायचे, याचा निवाडा हे शब्द करतात आणि तो बाई की पुरुष हे पाहून होतो.

पडद्यावर बाई रडली की ती रडूबाई. पुरुष रडला तरी तो रडूबाईच, नाहीतर ‘बायकी’. हिणवण्याचे माप दोन्ही वेळा बाईचेच. प्रेमभंगाने दाढी वाढवून बसलेल्याला मात्र सोलापुरात मित्र विचारतात, ‘काय बे, देवदास झाला काय?’ यात टवाळी आहे, पण दिलेले नाव नायकाचे आहे. ‘देवदास’ ही शरच्चंद्र चट्टोपाध्यायांची कादंबरी १९१७ची. प्रमथेश बरुआंनी १९३५मध्ये तिच्यावर बोलपट केला, १९५५मध्ये दिलीपकुमार आणि २००२मध्ये शाहरुख खान देवदास झाले. देवदासची प्रेयसी पारो हिला वयाने कितीतरी मोठ्या बिजवराच्या घरी जावे लागते, त्याच्यावर जीव लावणारी गणिका चंद्रमुखी आपला व्यवसाय सोडते, पण ‘पारो झाली’ असे कुणी कुणाला म्हणत नाही. या दुःखकौतुकाला पहिले मोठे उत्तर मराठीतूनच गेले. देवदासचा पराभूत सूर न पटल्याने व्ही. शांताराम यांनी १९३९मध्ये प्रभातचा ‘माणूस’ काढला. त्यातला पोलीस शिपाई गणपत मैनेवर प्रेम करतो, आणि प्रेम हरले तरी माणसाने जगत राहावे, असे तो चित्रपट ठामपणे सांगतो.

इंग्रजीभाषक चाहत्यांमध्ये पुरुषपात्राच्या अशा मध्यवर्ती, मिरवलेल्या वेदनेला ‘मॅनपेन’ म्हणतात. बाई मरते किंवा छळली जाते आणि कथा तिला सोडून तो किती कोसळला हे दाखवत बसते, अशी ही तक्रार. १९९४च्या एका ‘ग्रीन लँटर्न’ कॉमिकमध्ये नायकाला प्रेयसीचे प्रेत फ्रिजमध्ये सापडते. त्यावरून गेल सिमोन यांनी १९९९मध्ये अशा बळी पडलेल्या स्त्रीपात्रांची यादीच मांडली. मराठीत या तक्रारीसाठी स्वतंत्र शब्द रुळला नाही. उदाहरणे मात्र जुनी आहेत.

राम गणेश गडकरींच्या ‘एकच प्याला’मध्ये (रंगभूमीवर १९१९) वकिलीची सनद काही काळ रद्द झाल्याच्या अपमानाने सुधाकर पहिला प्याला घेतो. पुढे त्याची बायको सिंधू फाटक्या लुगड्यात जात्यावर दळण दळून घर चालवते आणि अखेर मरते. ती भूमिका बालगंधर्वांनी गाजवली. अपमान त्याचा, दळण तिचे. तरी नाटकाचे नाव त्याच्या प्याल्याचे आहे, आणि सिंधूच्या वाट्याला ‘सोशिक’ एवढे एकच विशेषण आले. ‘नटसम्राट’मध्येही (१९७०) गणपतराव बेलवलकरांच्या स्वगतांपुढे पत्नी कावेरीचा मृत्यू त्यांच्याच एकटेपणाची एक पायरी ठरतो, हे नाटकाचे मोठेपण मान्य करूनही म्हणावे लागते.

‘रडपट’ हा शब्द घट्ट बसला तो विजय कोंडके यांच्या ‘माहेरची साडी’नंतर (१९९१). चित्रपटाने तुफान धंदा केला, बायकांनी थिएटरे भरली, आणि त्यातल्या नायिका अलका कुबल यांच्या रडण्याची नक्कल हा विनोदाचा हुकमी विषय झाला. प्रस्तुत नोंदीच्या मते हा अन्याय आहे. सासुरवास आणि माहेराची ताटातूट ही त्या प्रेक्षकांच्या घरातली गोष्ट होती. रडपट म्हटले की पात्राबरोबर डोळ्याला पदर लावणारी प्रेक्षक बाईही हसण्यावारी जाते. दारूच्या बाटलीशी बोलणाऱ्या नायकाच्या सिनेमाला कुणी रडपट म्हणत नाही. तो ‘शोकांतिका’ ठरतो.

सोलापूर जिल्ह्याने या चर्चेला दोन महत्त्वाचे चित्रपट दिले. दोन्ही नागराज मंजुळे यांचे. ते करमाळा तालुक्यातील जेऊरचे. ‘फँड्री’त (२०१३) डुकरामागे सगळे कुटुंब धावते, आई आणि बहिणीही. गावाच्या हसण्याचा मारा सर्वांवर होतो. कॅमेरा मात्र त्या घरातल्या शाळकरी जब्याच्या लाजेपाशी थांबतो, कारण त्याला आवडणारी शालू बघते आहे. शेवटचा दगड तोच भिरकावतो. जातीच्या अपमानाने पेटलेल्या या पोराच्या वेदनेला ‘मॅनपेन’ म्हणणे मात्र चूक ठरेल. ती मिरवलेली नाही.

‘सैराट’चे (२०१६) तसे नाही. तेथे आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, पळून जाताना गोळीही झाडते. अकलूजच्या रिंकू राजगुरू यांनी साकारलेली ही मुलगी हैदराबादच्या झोपडपट्टीत बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागते. तिचा प्रियकर परशा संशयाने तिच्यावर हात उचलतो आणि ती निघून जाते. मार तिने खाल्ला; तरी गळफास घ्यायला निघतो तो परशा, आणि प्रेक्षकाचा जीव टांगणीला लागतो तो त्याच्यासाठी. ती परतते आणि तिने खाल्लेली थप्पड कथेच्या हिशेबातून पुसली जाते. इतक्या सावध दिग्दर्शकाच्या हातूनही जुने वळण येथे सुटलेले नाही.

शेवटात मात्र चित्रपट ते वळण मोडतो. दोघेही मारले जातात, मागे राहिलेला कुणी नायक सूड घेत नाही की हंबरडा फोडत नाही. रक्तात पाऊल पडलेले मूल रडत बाहेर जाते. त्याला यातले काहीच कळत नसते. हिंदी अवतार ‘धडक’ने (२०१८) हा शेवट बदलला. तेथे नवरा आणि मूल मरतात, नायिका वाचते आणि तिच्या किंकाळीवर चित्रपट संपतो.