ताजा म्हणजे नेमकं किती ताजा?

संशोधनाचा विषय ठरवताय? मग आधी विचारा, आपण नेमकं काय मोजतोय? बर्फातला समुद्री मासा किती ताजा, हे पूर्वी वासावरून किंवा ट्रायमिथाइलअमाइनवरून ठरवायचे. पण ते जिवाणूंमुळे वाढतं, म्हणजे उशिरा. १९५९ मध्ये जपानच्या साइतो, अराई आणि मात्सुयोशी यांनी प्रश्नच बदलला. मासा मेल्यावर स्नायूतलं एटीपी मुख्यतः त्याच्याच एन्झाइम्समुळे पायरीपायरीने तुटतं. त्यातून चवदार आयएमपी, मग इनोसिन, शेवटी हायपोझँथिन बनतं. एटीपी आणि त्यापासून बनलेल्या सगळ्या संयुगांत या शेवटच्या दोघांचा टक्का म्हणजे के-मूल्य. मासा कुजण्याआधीच ते वाढू लागतं. मात्र कॉडमध्ये ते झपाट्याने चढतं. म्हणून सगळ्या माशांना एकच मर्यादा लावू नका. आधी माशाची जात बघा, मग आकडा वाचा.