वऱ्हाडचा उन्हाळा आणि कॅमेरा : ऐतिहासिक साधनाची एक दुर्लक्षित मर्यादा

छायाचित्राचा ऐतिहासिक साधन म्हणून उपयोग करताना ते कोणी, केव्हा व कशासाठी टिपले, हे अभ्यासक पाहतो. ते किती उष्णतेत टिपले गेले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा अल्प परामर्श घेतला आहे.

धाडच्या पश्चिमेस असलेल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी रॉबर्ट गिल यांची 1844 मध्ये नेमणूक झाली. (त्यांपैकी बहुतेक प्रतिकृती 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या.) गिल छायाचित्रणाकडेही वळले आणि 1864 मध्ये त्यांची लेण्यांची छायाचित्रे जेम्स फर्ग्युसन यांच्या विवेचनासह प्रसिद्ध झाली. त्या काळी फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांची 1851 ची ओल्या कोलोडियनची पद्धत सर्वत्र रूढ होती. काचेवर लेप द्यायचा, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकण्यापूर्वी रसायनात धुवायची, असा तो खटाटोप होता. कोलोडियनमधील ईथर 34.6 अंश सेल्सिअसला उकळते. इंग्लंडमध्ये हा आकडा पुस्तकातच राहत असे. वऱ्हाडात मात्र चैत्रातच हवा त्यापेक्षा अधिक तापते. पुढे जिलेटिनच्या कोरड्या काचा आल्या व घाई संपली, तरी कोमट पाण्यात थर मऊ पडून सुटण्याचे भय राहिलेच.

डिजिटल कॅमेऱ्यात रसायन नाही, परंतु उष्णता आता आतूनही निर्माण होते. संवेदकाचे तापमान सहा ते आठ अंशांनी वाढले की प्रकाशाविना वाहणारा विद्युतप्रवाह सुमारे दुप्पट होतो व चित्रात ठिपके उमटतात. सलग चित्रीकरणात प्रक्रियक तापतो आणि यंत्र स्वतःच्या रक्षणार्थ बंद पडते. कॅनन ईओएस आर५ (2020) या कॅमेऱ्याच्या 8के चित्रीकरणाची मर्यादा मूळ घोषणेत 23 अंश तापमानाला सुमारे 20 मिनिटे होती. 23 अंश! आपल्याकडे मे महिन्यातील पहाटही इतकी शीतल क्वचितच असते.

म्हणून चित्रित मुलाखतीसोबत वेळ, तापमान व खंडित झालेला भाग यांची नोंद ठेवणे अगत्याचे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. धाड येथे एका मे महिन्यात, दुपारी, एका वयोवृद्ध शेतकऱ्याच्या 1972 च्या दुष्काळाच्या आठवणी आम्ही चित्रित करीत होतो. रोजगार हमीच्या खडीचा विषय निघाला आणि कॅमेऱ्याने तापमानाची सूचना देऊन डोळे मिटले. आजोबा बोलतच राहिले. वहीत जेवढे उतरले तेवढेच हाती आले. सायंकाळी तोच प्रसंग पुन्हा सांगण्याची विनंती केली, तेव्हा त्यांनी तो दोन वाक्यांत संपविला.