विद्युत सायकलीचा स्वस्त बॅटरी पॅक

साध्या सायकलीला हब मोटर बसवल्यावर तिला वीज पुरवणारा, सुटे सेल जोडून बांधलेला आणि पुन्हा पुन्हा चार्ज होणारा संच. ३६ किंवा ४८ व्होल्टचे पॅक रूढ आहेत. शहरातल्या रोजच्या फेऱ्यांना ३६ व्होल्ट पुरतात.

नाशिक सायकलवेड्यांचे शहर. इथल्या हितेंद्र आणि महेंद्र या डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली. बॅटरीची सायकल मात्र लागते ती वेगळ्या माणसाला, म्हणजे नाशिकरोडहून किंवा पंचवटीतून सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्याला. जाऊन-येऊन ३० किमीच्या आसपास हे अंतर धरले, तर पॅक किती मोठा हवा ते ठरते. खरी बचतही इथेच होते : गरजेपेक्षा मोठा पॅक न बांधण्यात. सेल, बीएमएस (सेलवर नजर ठेवणारे सर्किट) आणि चार्जर यांत केलेली काटकसर पुढे महागात पडते.

सर्वांत कमी पैशांत शिसे-आम्लाच्या १२ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या येतात; पण त्या जड असतात आणि रोज खोलवर उतरवल्या तर एक-दोन वर्षांत बसतात. दुसरी पळवाट जुन्या लॅपटॉपमधल्या १८६५० सेलची (व्यास १८ मिमी, लांबी ६५ मिमी). प्रत्येक सेलची क्षमता आणि अंतर्गत रोध मोजायचा, पूर्ण चार्ज करून काही आठवडे ठेवायचा, व्होल्टेज उतरलेले बाजूला काढायचे; एवढी चिकाटी असणाऱ्यानेच या वाटेला जावे. शिकण्यासाठी हे उत्तम, रोज कामावर जाण्यासाठी नव्हे.

मधला आणि शहाणा मार्ग लिथियम आयर्न फॉस्फेटचा (एलएफपी). हे रसायन १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत पाढी, नंजुंडस्वामी आदींच्या संशोधनातून पुढे आले. लिथियम बॅटरीवरील एकूण कार्यासाठी गुडइनफ २०१९ च्या नोबेलचे मानकरी ठरले. निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या सेलपेक्षा हे सेल जड असतात, पण बिघडायला जास्त तापमान लागते आणि आयुष्यही अधिक. ते पेटतच नाहीत, हा दुकानदारी दावा मात्र खरा नाही.

हिशोब असा : ३२७०० आकाराचा सेल ३.२ व्होल्ट आणि ६ अँपिअर-तासांचा. दोन-दोन समांतर जोडून असे १२ गट एकसर केले की २४ सेलमध्ये ३८.४ व्होल्ट, १२ अँपिअर-तास, म्हणजे सुमारे ४६० वॅट-तास होतात. सेलचे वजन साडेतीन किलोच्या आत. पायडल मारत गेल्यास किलोमीटरला १० ते १५ वॅट-तास खर्च होतात. नुसत्या थ्रॉटलवर त्याहून जास्त. म्हणजे एमआयडीसीची फेरी एका चार्जमध्ये होते; चढाचा त्र्यंबकेश्वर रस्ता जाऊन-येऊन, तोही पायडल न मारता, होणार नाही. एका चार्जला अर्ध्या युनिटच्या आसपास वीज लागते.

जोडण्यापूर्वी सगळे सेल एकाच व्होल्टेजवर आणावेत. एलएफपीचे व्होल्टेज बहुतेक वेळ ३.२-३.३ वरच रेंगाळते, त्यामुळे मल्टीमीटरवर सारखे दिसणारे दोन सेल आतून एक भरलेला, एक अर्धा असू शकतात. म्हणून प्रत्येक सेल ३.६५ व्होल्टपर्यंत भरूनच जुळवणी करावी. सेलवर थेट सोल्डर मारू नये, उष्णतेने आतले सील बिघडते. निकेलची पत्ती स्पॉट वेल्डिंगने लावावी. १५ अँपिअरच्या कंट्रोलरला ०.१५ मिमीच्या पत्त्या दुहेरी लावाव्यात. निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पत्ती स्वस्त मिळते, पण ती तापते आणि गंजते. बीएमएसच्या १३ तारा क्रमाने लावून, लगतच्या दोन तारांत एकाच गटाचे व्होल्टेज येते ना हे पाहूनच प्लग खोचावा. मुख्य तारेत फ्यूज हवाच. चार्जर एलएफपीचाच, ४३.८ व्होल्टचा घ्यावा.

नाशिकचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, म्हणून पॅक उन्हात उभ्या सायकलीवर ठेवू नये आणि गरम असताना चार्ज करू नये. उलट टोक जिल्ह्यातल्याच निफाडचे : तिथल्या थंडीच्या पहाटे पॅक कमी अंतर देतो. शून्याखाली तापमान गेल्यास चार्जिंग टाळावे, आतल्या इलेक्ट्रोडवर लिथियमचा थर साचतो.

९ एप्रिल २०२२ रोजी नाशिकमध्ये जितेंद्र ईव्ही या स्थानिक कंपनीच्या ४० स्कूटर नेणाऱ्या कंटेनरला आग लागून २० स्कूटर जळाल्या. जीवितहानी झाली नाही. त्या उन्हाळ्यात देशात इतरत्रही स्कूटर पेटल्या आणि केंद्राने वाहनांच्या बॅटऱ्यांसाठीचे एआयएस-१५६ मानक कडक केले. नवे नियम डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत आले. पाव किलोवॅटपेक्षा कमी शक्तीची, ताशी २५ किमीच्या आत वेगाची आणि बॅटरी वगळून ६० किलोपर्यंतची सायकल मात्र ठरलेल्या अटी पाळत असल्यास मोटार वाहन गणली जात नाही. त्यामुळे घरच्या पॅकला तपासणारा कोणी नसतो. तो चार्ज करताना जिन्यात किंवा दारात ठेवू नये, कारण आग लागल्यास बाहेर पडण्याची वाट तीच असते.

निकामी पॅक घंटागाडीत टाकू नये. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार तो घरच्या कचऱ्यापासून वेगळा ठेवून अधिकृत संकलकाकडे किंवा पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्यायचा असतो. देण्याआधी टोकांवर चिकटपट्टी लावावी.