पुराव्यासाठी पुन्हा तेच खायचं?

माझ्या भाचीचं पोट वर्षभर बिघडलेलं. कुणीतरी म्हणालं, गहू बंद करा. बहिणीनं केला, आणि दोन महिन्यांत पोरगी सुधारली. मग पोटाच्या डॉक्टरांकडे गेले, तर ते म्हणाले, "सीलिअ‍ॅक आहे की नाही हे पक्कं सांगायचं तर तिला काही आठवडे रोज पोळी द्या, मग तपासू." बहिणीचा लगेच मला फोन: "दादा, ज्यानं पोर आजारी पडते तेच परत चारायचं? हे कसलं शास्त्र?"

डॉक्टर चूक नव्हते. रक्तातल्या अँटिबॉडी आणि आतड्याची बायोप्सी, दोन्हींना पोटात गहू लागतो. गहू सुटला की आतडं भरून येतं, अँटिबॉडी उतरतात, पुरावाच पुसला जातो. पण बहीणही चूक नव्हती. या आजाराचा इतिहास तिच्याच प्रश्नाभोवती फिरतो.

१८८७ साली लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात डॉ. सॅम्युएल गी यांनी सांगितलं की उपाय असलाच तर आहारात आहे. कोणत्या, ते कळेना. एक मूल रोज डच शिंपले खाऊन सुधारलं, हंगाम संपला आणि पुन्हा ढासळलं. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी मुलांना केळी दिली. मुलं सुधारली, श्रेय केळ्याला गेलं. खरं तर ताटातून पाव गेला होता!

हे ओळखलं नेदरलँड्सच्या विलेम डिके यांनी. संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी पश्चिम भागाची रसद तोडली, लोक ट्यूलिपचे कंद खाऊ लागले, हजारो मेले. त्याच उपासमारीत पावाशिवाय ही मुलं बरी राहिली, हे त्यांच्या संशयाला धरूनच होतं. पण सिद्ध कसं करणार? मुलांना गहू द्यायचा, काढायचा, पुन्हा द्यायचा आणि शौचातली चरबी मोजायची. १९५० साली त्यांचा प्रबंध आला. शास्त्र जिंकलं, पण पुरावा मुलांच्या पोटातून निघाला.

१९९३ साली ऑस्लोच्या लुंडिन आणि सॉलिड यांच्या गटाला रुग्णांच्या आतड्यात खरे सूत्रधार सापडले: ग्लूटेन ओळखणाऱ्या टी-पेशी. या पेशी विसरत नाहीत. गहू सोडून वर्षं झाली तरी रक्तात त्या फिरत असतात, पण लाखो पेशींत मोजक्याच. शोधायच्या कशा?

२००० साली ऑक्सफर्डमध्ये रुग्णांना तीन दिवस पाव खायला देऊन सहाव्या दिवशी रक्त घेतलं, तेव्हा त्या दिसल्या. आठवड्यांचे दिवस झाले, पण खाणं सुटलं नव्हतं. मग ऑस्लोच्या गटानं 'टेट्रामर' वापरला. हा एक चमकणारा गळ समजा, ज्याला ग्लूटेनचा तुकडा आमिष म्हणून लावलाय. नेमकी तीच पेशी त्याला लागते. २०१८ पर्यंत गहू न खाणाऱ्यांतही आजार असा ओळखता येतो, हे त्यांनी दाखवलं. आणि २०२५ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी आणखी सोपं केलं: रक्तात ग्लूटेनचे तुकडे मिसळायचे, एक दिवस ठेवायचं आणि पेशी चवताळून इंटरल्यूकिन-२ सोडतात का ते मोजायचं. १८१ जणांवरच्या अभ्यासात निकाल उत्तम आले.

म्हणजे बघा, गहू आता माणसाला नाही, परीक्षानळीला चारायचा. बहिणीच्या प्रश्नाला उत्तर मिळायला सव्वाशेहून जास्त वर्षं लागली.

ही चाचणी अजून संशोधनात आहे, म्हणून भाचीला सध्या पोळी खावीच लागतेय, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला हा आजार आहे. उद्या ही चाचणी आली तर ती सरकारी दवाखान्यातही पोचली पाहिजे, हे आजपासूनच मागायला हवं.

तोवर एवढं करा: शंका आली तर आधी तपासणी, मग गहू बंद. आजार निघालाच तर घाबरू नका. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ आपल्या घरातच आहेत. फक्त दळताना गिरणीत गव्हाचं पीठ मिसळणार नाही एवढं बघा.