कट प्रॅक्टिस

कट प्रॅक्टिस म्हणजे रुग्ण किंवा त्याच्या शरीरातील नमुना तपासणीसाठी अथवा उपचारांसाठी दुसरीकडे पाठविल्याच्या मोबदल्यात डॉक्टरला मिळणारे कमिशन होय. बोलीभाषेत यास 'कट' असे म्हणतात.

स्वरूप

मऊ ऊतीतील लहान गाठीची बायॉप्सी बहुधा स्थानिक भूल देऊन केली जाते. काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून पॅथॉलॉजी प्रयोगशाळेकडे पाठविला जातो. गावात प्रयोगशाळा नसल्यास तो शहरात पाठवावा लागतो. शस्त्रक्रिया व तपासणी यांचे शुल्क देयकात दिसते. 'कट' मात्र तपासणीच्या शुल्कातच मिसळलेला असल्याने वेगळा दिसत नाही. त्याचा भार रुग्णावर पडतो.

नियम

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नीतिमत्ताविषयक विनियमांतील कलम ६.४ नुसार रुग्ण पाठविण्याबद्दल कमिशन देणे, मागणे वा घेणे निषिद्ध आहे. निदानासाठी पाठविलेल्या नमुन्यांनाही हीच तरतूद लागू होते.

महाडमधील प्रकरण

विंचूदंशावरील प्राझोसिन उपचारासाठी ओळखले जाणारे महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांना २०१३ मध्ये एका निदान केंद्राकडून १,२०० रुपयांचा धनादेश आला. त्यांनी एका रुग्णाला एमआरआय तपासणीसाठी तेथे पाठविले होते. बावस्कर यांनी ही रक्कम न स्वीकारता महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. या तक्रारीमुळे कट प्रॅक्टिसची उघड चर्चा सुरू झाली.

२०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने प्रतिबंधक कायद्याचा मसुदा तयार करण्यासाठी माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.