कल्हई आणि कांती

आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. धातूच्या चकाकीशी आमचा काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. पण गोष्ट लालबागचीच आहे. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली इथल्या एका शेडमध्ये कुलपं करायला घेतली. कुलपाला शोभा लागत नाही, भरवसा लागतो. १९५८ मध्ये त्याच कंपनीचा रेफ्रिजरेटर आला. अशी वस्तू घरात चारचौघांपुढे मिरवायची, म्हणून कडेची पट्टी आणि नावाची पाटी यांना महत्त्व आलं.

या कामाला ॲल्युमिनियम सोयीचं. पण नुसतं घासून चमकवलं तर लवकर मंद पडतं, ओरखडे उठतात. पितळेला आपण कल्हई करत होतो. कथील बाहेरून आलं, बाहेरच झिजलं. ॲनोडायझिंगचं तसं नाही. पट्टी सल्फ्युरिक आम्लाच्या हौदात विजेच्या धन टोकाला जोडतात आणि धातूच्याच पृष्ठभागाचं ऑक्साइड होतं. त्याच्या सूक्ष्म छिद्रांत सोनेरी, काळा, हवा तो रंग मुरवायचा आणि उकळत्या पाण्यात छिद्रं मिटवायची. ब्रिटनमध्ये १९२३ साली क्रोमिक आम्लाची रीत निघाली ती समुद्री विमानांसाठी. तिथे शोभा कुणाला हवी होती, भीती खाऱ्या पाण्याची!

वैशेषिक द्रव्य आणि गुण वेगळे मोजतात. इथे मात्र गुण द्रव्याच्या अंगातूनच उगवतो. शिवाय थर पारदर्शक, खालचा ओरखडा झाकत नाही. म्हणजे पट्टीची कळा हौदाआधीच, बफिंगच्या चाकापाशी ठरते. तिथला माणूस दिवसभर धातूची भुकटी नाकातोंडात घेत उभा असतो, आणि पाटीवर नाव कंपनीचं.